डॉली पार्टननं गाणं दिलं, हक्क दिला नाही: एका गाण्याचे पैसे नेमके कुणाला मिळतात?

१९९२ संपत आलं तेव्हा अमेरिकेतल्या रेडिओवर एक गाणं दिवसरात्र वाजत होतं. व्हिटनी ह्यूस्टननं गायलेलं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’. बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून होतं. रेडिओवर ते वाजलं की त्याचे पैसे निघायचे, पण त्यातला एक सेंटही व्हिटनीला मिळत नव्हता. ते पैसे जात होते टेनेसी राज्यातल्या एका बाईकडे, जिनं हे गाणं १९ वर्षांपूर्वी लिहिलं आणि स्वतःच चालीत बांधलं होतं. तिचं नाव डॉली पार्टन.

डॉलीची गोष्ट बहुतेक वेळा एकाच पद्धतीनं सांगितली जाते. डोंगरातली गरीब पोर, गोड गळा, सोनेरी केसांचा टोप, जिद्द, आणि मग अमाप यश. यातलं काहीच खोटं नाही. पण नुसत्या गळ्यावर नाव कमावलेले आणि म्हातारपणी कफल्लक झालेले गायक कंट्री संगीतात, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या गाण्यांच्या दुनियेत, कमी नाहीत. डॉलीचं तसं झालं नाही, आणि का झालं नाही हे समजून घ्यायचं तर गाण्याची मालकी म्हणजे काय ते कळायला हवं. हा विषय वकिलांचा म्हणून आपण सोडून देतो. खरं तर तो फार अवघड नाही.

आधी थोडं तिच्या घराबद्दल. डॉलीचा जन्म १९ जानेवारी १९४६चा, टेनेसीच्या पूर्वेला स्मोकी पर्वताच्या कुशीतल्या सेव्हिअर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी). एका खोलीचं लाकडी घर, त्यात पुढे १२ भावंडं झाली, डॉली चौथी. घरात वीज नाही, नळ नाही. वडील आधी दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसत, मग स्वतःच्या तुकड्यावर तंबाखू पिकवू लागले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. डॉलीच्या बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांना मक्याच्या पिठाचं पोतं दिलं, हे तिनं आयुष्यभर अभिमानानं सांगितलं आहे. आई जुनी पोवाड्यासारखी कथागीतं गायची, आजोबा चर्चमध्ये प्रवचन करायचे, आणि त्या चर्चमध्ये गाण्याला कुणाचीच आडकाठी नव्हती. आठव्या वर्षी मामानं, बिल ओवेन्सनं, खरी गिटार आणून दिली. दहाव्या वर्षी ती नॉक्सव्हिलच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या रेडिओ-टीव्ही कार्यक्रमात गायला लागली. १९५९मध्ये, तेराव्या वर्षी, कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिल शहरात, ‘ग्रँड ओल ऑप्री’च्या मंचावर, गायक जॉनी कॅशनं तिची ओळख करून दिली. ऑप्री हा १९२५पासून चालत आलेला शनिवार रात्रीचा रेडिओ कार्यक्रम. कंट्री गाणाऱ्याला तिथे उभं राहायला मिळणं म्हणजे आपल्याकडे शास्त्रीय गायकाला सवाई गंधर्वच्या मंचावर बसायला मिळण्यासारखं.

आता गाण्याच्या व्यवहाराकडे येऊ. कंट्री संगीताचा धंदा जिथे सुरू झाला तिथेच मालकीचा प्रश्न होता. १९२७च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर नावाचा माणूस टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन आला आणि डोंगरातल्या गायकांचे आवाज त्यानं तबकड्यांवर उतरवले. कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स हे कंट्रीतले सुरुवातीचे मोठे गायक जगाला मिळाले ते तिथून. पीअरनं व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीशी सौदा काय केला होता? पगार नको, गाण्यांच्या रचनेचे हक्क माझ्याकडे राहू द्या. कंपनीला वाटलं असेल, फुकटात माणूस मिळाला. पीअर त्या हक्कांवर गब्बर झाला. त्याला जे कळलं होतं ते हे, की तबकडीत एक नाही, दोन वस्तू असतात.

पहिली वस्तू म्हणजे रचना: शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण: एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट गळ्यातून, विशिष्ट वादकांसह उतरवलेला आवाज. याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात आणि तो बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचा असतो. रचना ही जमीन समजा आणि ध्वनिमुद्रण हे त्या जमिनीवर बांधलेलं घर. एकाच गाण्यावर शंभर गायक शंभर घरं बांधू शकतात, कुणाचं घर पडेल, कुणाचा महाल होईल. पण सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याला प्रत्येक घराचं भाडं मिळत राहतं.

रचनेतून येणारा पैसा पुन्हा दोन भागांत वाटला जातो. रूढ पद्धतीत शंभरातले ५० लिहिणाऱ्याचे आणि ५० ‘पब्लिशर’चे. इथला पब्लिशर म्हणजे पुस्तकं छापणारा नव्हे. गाणं वेगवेगळ्या गायकांपर्यंत पोचवणारा, परवाने देणारा आणि वसुली करणारा तो. नवखा गीतकार शहरात येतो, त्याला आगाऊ थोडे पैसे हवे असतात, तो पब्लिशर कंपनीशी करार करतो आणि रचनेची मालकी तिच्या नावावर जाते. लिहिण्याचा वाटा मिळत राहतो, पण गाणं कुणाला द्यायचं, कुठे वापरायचं, हा अधिकार हातचा जातो.

डॉली १९६४मध्ये शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलला आली आणि तिनंही असाच करार केला, कंबाइन पब्लिशिंगशी. मॉन्युमेंट या रेकॉर्ड कंपनीला तिच्याकडून पॉप गाणी गाऊन घ्यायची होती. एवढ्या बारीक, उंच आवाजात कंट्री चालणार नाही असं त्यांचं मत होतं. १९६६मध्ये तिनं आणि बिलमामानं मिळून लिहिलेलं एक गाणं बिल फिलिप्स या गायकानं गायलं आणि ते पहिल्या दहात गेलं. मागे साथीचा आवाज डॉलीचा होता, तबकडीवर मात्र तिचं नाव नव्हतं. रेडिओवाले विचारू लागले, ही मुलगी कोण? तेव्हा कुठे कंपनीनं तिला कंट्री गाऊ दिलं. तिची वाट आधी तिच्या गाण्यानं उघडली आणि मग आवाजानं, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच सुमारास तिनं आणि बिलमामानं स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली, ओवेन्स आणि पार्टन या दोन आडनावांची मिळून ‘ओवेपार’. जेमतेम विशीतली मुलगी, जिच्या घरी कागद वाचणारं कुणी नव्हतं, ती स्वतःच्या गाण्यांचा दस्तऐवज स्वतःच्या नावावर ठेवायची सोय करत होती.

१९६७मध्ये पोर्टर वॅगनरनं तिला आपल्या टीव्ही कार्यक्रमात घेतलं. पोर्टर तेव्हा कंट्रीतलं मोठं नाव, चमचमत्या सुटांसाठी प्रसिद्ध. पुढे तोही ओवेपारमध्ये भागीदार झाला. त्याच्याबरोबर दौऱ्यावर असताना, १९६९मध्ये बसमध्ये, डॉलीला एक गाणं सुचलं. लहानपणी आईनं चिंध्या जोडून तिला कोट शिवून दिला होता. शिवता शिवता बायबलमधल्या जोसेफच्या रंगीबेरंगी झग्याची गोष्ट सांगितली होती. तो कोट घालून ती ऐटीत शाळेत गेली आणि मुलं हसली. बसमध्ये कागद सापडेना, म्हणून तिनं पोर्टरच्या सुटाची ड्रायक्लीनिंगची पावती घेतली आणि तिच्या पाठीवर ‘कोट ऑफ मेनी कलर्स’चे शब्द उतरवले. गाणं १९७१मध्ये गाजलं आणि पोर्टरनं ती पावती फ्रेम करून ठेवली.

ही पावती मालकी समजायला फार उपयोगी आहे. कागद पोर्टरचा, तो त्यानं भिंतीवर लावावा, विकावा, त्याची मर्जी. पण त्या कागदावर असलेली रचना डॉलीची. वस्तू ज्याच्याकडे त्याच्याकडे हक्क, असं कॉपीराइटमध्ये नसतं. तुमच्या घरात हजार कॅसेट असतील तरी त्यातल्या एकाही गाण्याचे तुम्ही मालक नसता. तसंच लिहिणाऱ्याकडे मूळ कागद उरला नाही म्हणून त्याचा हक्क जात नाही.

काही वर्षांनी डॉलीला पोर्टरपासून वेगळं व्हायचं होतं आणि तो सोडायला तयार नव्हता. भांडून उपयोग होईना, तेव्हा १९७३मध्ये तिनं निरोपाचं गाणं लिहिलं आणि त्याला गाऊन दाखवलं. तो रडला, म्हणाला की हे तुझं सगळ्यात चांगलं गाणं आहे, हे मला ध्वनिमुद्रित करू दे आणि तू जा. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे प्रेमी जोडप्याचं गाणं म्हणून लग्नात वाजतं, पण मुळात ते नोकरी सोडतानाचं आहे. १९७४मध्ये ते कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. (पोर्टरनं १९७९मध्ये तिच्यावर दावा लावला, तो कोर्टाबाहेर मिटला. पुढे दोघांत पुन्हा गोडी झाली आणि २००७मध्ये त्याच्या शेवटच्या दिवसांत ती त्याला भेटायला गेली.)

मग आला एल्व्हिस प्रेस्लीचा निरोप. त्याला हे गाणं गायचं होतं. डॉली आनंदानं वेडी झाली, लोकांना सांगत सुटली. रेकॉर्डिंगच्या तोंडावर एल्व्हिसचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याचा फोन आला: एल्व्हिस जे गातो त्याचं अर्धं पब्लिशिंग, म्हणजे पब्लिशरच्या हक्काचा निम्मा वाटा, आम्हाला लागतो. डॉलीनं नकार दिला. रात्रभर रडली, असं तिनं अनेकदा सांगितलं आहे.

इथे थोडं खोलात जायला हवं, कारण ही गोष्ट सगळीकडे सांगतात पण तिच्यातला कायदा कुणी सांगत नाही. अमेरिकेत १९०९पासून नियम असा आहे की एकदा गाण्याची तबकडी बाजारात आली की दुसरा कुणीही ते गाणं गाऊन तबकडी काढू शकतो. मालकाची परवानगी लागत नाही, फक्त कायद्यानं ठरवलेला दर भरावा लागतो. याला सक्तीचा परवाना म्हणतात. म्हणजे एल्व्हिसनं ठरवलं असतं तर डॉलीला न विचारताही गाता आलं असतं. पार्करच्या हातात कायदा नव्हता, फक्त एल्व्हिसचा गळा होता: वाटा द्या, नाहीतर आम्ही गाणार नाही.

आणि वाटा तरी किती होता? १९७४मध्ये हा दर प्रत्येक तबकडीमागे एका गाण्याला २ सेंट होता, आणि १९०९पासून तो बदललाच नव्हता. दहा लाख तबकड्या खपल्या तर २०,००० डॉलर. त्यातले पब्लिशरचे १०,०००, आणि पार्करला हवे होते त्याचे निम्मे, ५,०००. उरलेले १५,००० डॉलर, शिवाय एल्व्हिसनं गायलं हे नाव, हे सगळं डॉलीचंच राहिलं असतं. कागदावर बघितलं तर ‘हो’ म्हणणं शहाणपणाचं होतं, आणि तिच्या ओळखीच्या लोकांनी तिला वेड्यात काढलं. मलाही त्या जागी नाही म्हणायचं धाडस झालं नसतं. पण पार्कर एका तबकडीचा वाटा मागत नव्हता. तो सातबाऱ्यावर नाव चढवायला सांगत होता. एल्व्हिसच्या तबकडीचेच नाही, पुढे कुणीही कधीही ते गाणं गायलं तर त्याचेही पैसे त्या नावाकडे गेले असते, आणि प्रत्येक निर्णयाला त्या नावाची सही लागली असती.

१८ वर्षांनी ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी गाणं शोधत होते. ठरलेलं गाणं बाद झालं आणि चित्रपटाचा नायक केव्हिन कॉस्टनरनं हे सुचवलं. गाण्याचा संगीत-निर्माता डेव्हिड फॉस्टरच्या हाती गायिका लिंडा रॉनस्टॅडची १९७५ची आवृत्ती होती, जिच्यात शेवटचं कडवं नव्हतं. ते डॉलीनं स्वतः त्याला फोनवर सांगितलं. चित्रपटात गाणं वापरायचं तर सक्तीचा परवाना चालत नाही. तिथे मालकाची संमती लागतेच आणि किंमत वाटाघाटीनं ठरते. ती संमती द्यायला डॉलीला कुणाचं तोंड बघावं लागलं नाही.

१९९२मध्ये तबकडीचा दर सव्वासहा सेंट झाला होता. या चित्रपटाच्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत १ कोटी ७० लाखांहून जास्त प्रती खपल्या. करारात हा दर पुष्कळदा कमी केला जातो हे खरं, पण पूर्ण दर धरला तर त्या अल्बममधल्या या एका गाण्याचे दहा लाख डॉलरच्या वर होतात. सुट्या गाण्याची विक्री वेगळी, बाकीचं जग वेगळं, चित्रपटाचा परवाना वेगळा. आणि रेडिओ.

रेडिओचं कोडं असं आहे. अमेरिकेत साधं रेडिओ स्टेशन गाणं वाजवतं तेव्हा ते रचनेचे पैसे भरतं. ते बीएमआय किंवा अ‍ॅस्कॅपसारख्या संस्था गोळा करून लिहिणाऱ्याला आणि पब्लिशरला देतात. ध्वनिमुद्रणाचे पैसे मात्र भरत नाही. स्टेशनवाल्यांचं म्हणणं असं, की आम्ही गायकाची फुकट जाहिरातच करतो. म्हणून गाणाऱ्याला काही नाही, रेकॉर्ड कंपनीलाही काही नाही. जगातल्या बहुतेक देशांत असं चालत नाही. इंटरनेटवरच्या रेडिओला आणि स्ट्रीमिंगला अमेरिकेतही दोन्हींचे पैसे द्यावे लागतात. पण १९९२मध्ये रेडिओ म्हणजे साधाच रेडिओ होता. व्हिटनीला तबकडीच्या विक्रीतून भरपूर मिळालं आणि तिनं ते कमावलंही. तिच्याशिवाय हे गाणं इतक्या कानांपर्यंत पोचलंच नसतं. मला हा नियम तिच्यावर आणि प्रत्येक गायकावर अन्याय करणारा वाटतो, त्याचा फायदा डॉलीला झाला असला तरी.

या पैशातून डॉलीनं नॅशव्हिलमधल्या एका कृष्णवर्णीय वस्तीत दुकानं-कार्यालयांचं एक संकुल विकत घेतलं. व्हिटनीनं बांधलेलं घर असं तिनं त्याच्याबद्दल म्हटलं आहे.

दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी तिनं गायली नाहीत असं नाही. १९७७चं ‘हिअर यू कम अगेन’, ज्यानं तिला कंट्रीच्या बाहेर पॉपच्या श्रोत्यांपर्यंत नेलं, ते बॅरी मान आणि सिंथिया वाइल यांचं. केनी रॉजर्सबरोबरचं ‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ बी जीज या गायकगटाचं. त्यांत तिला गाणाऱ्याचा वाटा मिळाला, आणि तो कंपनीचा खर्च वळता झाल्यावर मिळतो. १९८०मध्ये ‘नाइन टू फाइव्ह’ चित्रपटात काम करायला मात्र तिनं अटच घातली, की शीर्षकगीत मी लिहिणार. सेटवर बसल्या बसल्या कृत्रिम नखं एकमेकांवर घासली तर टाइपरायटरसारखा आवाज येतो हे तिच्या लक्षात आलं आणि त्या ठेक्यावर तिनं गाणं बांधलं. ऑफिसात राबणाऱ्या बायकांचं ते गाणं १९८१मध्ये पॉपच्याही यादीत पहिलं आलं.

आपल्याकडे हा सगळा विषय उशिरा आला. चित्रपटासाठी गाणं लिहून एकरकमी मानधन घ्यायचं आणि पुढचे सगळे हक्क निर्मात्याच्या नावावर करून द्यायचे, ही हिंदीतली आणि मराठीतलीही जुनी रीत. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनं ती मोडली. चित्रपट थिएटरात दाखवला जातो ते सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला वाटा गीतकार-संगीतकाराला आता करारानं सोडून देताच येत नाही. तशी सही केली तरी ती चालत नाही. यासाठी जावेद अख्तर यांनी आवाज उठवला होता. वसुलीचं काम मुंबईतली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी करते. मराठीत गाणी लिहिणाऱ्या तरुणांनी तिथे नाव नोंदवायला आळस करू नये, असं मला मनापासून वाटतं. हक्क कायद्यानं मिळतो, पैसे नोंदणी केल्यावर येतात.

डॉलीनं हजारो गाणी लिहिली आहेत आणि ती आता तिच्या ‘व्हेलवेट अ‍ॅपल म्युझिक’ या कंपनीकडे आहेत. १९८६मध्ये ‘डॉलीवूड’ हे उद्यान तिनं आपल्याच काउंटीत, पिजन फोर्जला, भागीदारीत सुरू केलं, तिथल्या लोकांना काम मिळावं म्हणून. १९९५मध्ये तिनं ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ काढली: मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक, घरपोच, फुकट. सुरुवात सेव्हिअर काउंटीपासून. २०२३पर्यंत २० कोटींहून जास्त पुस्तकं वाटून झाली होती. हे वडिलांमुळे सुचलं असं ती सांगते, आणि मुलं तिला पुस्तकवाली बाई म्हणतात याचा तिच्या निरक्षर वडिलांना तिच्या गाण्यांपेक्षाही जास्त अभिमान होता.

२०२४मध्ये बियॉन्सेनं डॉलीचं ‘जोलीन’ नव्यानं गायलं आणि त्यातले शब्द बरेच बदलले. मूळ गाण्यातली बाई दुसरीची विनवणी करते, माझा नवरा नेऊ नकोस म्हणून. बियॉन्सेची बाई दम देते. नुसतं गायचं असतं तर सक्तीचा परवाना पुरला असता. गाण्याचं मूळ रूप बदलायचं तर मालकाची संमती लागते. अल्बममध्ये त्या गाण्याच्या आधी डॉलीचा आवाज येतो, ती स्वतः त्याची ओळख करून देते. १९७८पूर्वी प्रसिद्ध झालेल्या अशा गाण्यांवर अमेरिकेत ९५ वर्षं हक्क चालतो. ‘जोलीन’ १९७३चं, त्यामुळे २०६८ संपेपर्यंत ते कुणीही गायलं, कुठल्याही स्टेशननं वाजवलं, तरी रचनेचा हिशेब डॉली पार्टनच्या किंवा तिच्या वारसांच्या दारी द्यावा लागेल.